खंडीभर भीती

सर, भिंतीवरचा तुमचा कागद मी अजून काढलेला नाही. परवा तुमच्या घरी गेले तर काकू म्हणाल्या, "बाई, तेवढा घरी आणून दे, नाहीतं फाडून टाक." माझ्याच्यानं दोन्ही झालं नाही. अड्याळच्या बाजारामागची आपली ती भाड्याची खोली, तुमची खुर्ची, माझी खुर्ची, रोग्यासाठी बाकडं, आणि बाकड्यावर बसणाऱ्याला बरोबर समोर दिसेल असा तो तक्ता. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, 'मास्तर रोज किती खर्रे खाते'. सोमवारी सात. मंगळवारी सहा. बाजाराच्या दिवशी नऊ. पुन्हा सहा. शेवटचा आकडा पाच आहे, आणि त्याच्यापुढं तुम्ही ऑपरेशनला नागपूरला गेलात म्हणून नुसत्या रिकाम्या चौकटी.

किती भांडले मी त्या कागदावरून! लोक आपल्याकडं सवय सोडवायला येतात, भीती घालवायला येतात, आणि डॉक्टरच जर... "मी डॉक्टर नाही, मास्तर हाये," तुम्ही मधेच तोडायचात. "अन् मास्तरचंही सुटत नाही हे त्यायले दिसू दे. फक्त आकडा खोटा लिहाचा नाही." बिडी सोडायला येणारा तो म्हातारा आधी तुमचा तक्ता वाचायचा, खो खो हसायचा आणि मग स्वतःचा आकडा खरा सांगायचा. तुमचं म्हणणं मला कळत होतं. तरी मी फणफणायचे, कारण फणफणायची सवय माझीही सुटत नाही.

आणि राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते. तीस वर्षं कॉलेजात वर्तनोपचार शिकवला, रिटायर झाल्यावर ही खोली काढून अख्ख्या पंचक्रोशीची भीती उपसली, आणि स्वतः त्या खर्ऱ्यानं, पन्नीत घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं गेलात. आधी जीभ गेली, मग तुम्ही. पुण्यानुमोदनाला पांढऱ्या साड्यांतल्या बायांमध्ये मी बसले होते. मला वंदना पाठ नाही, नुसते ओठ हलवत होते, आणि मनातल्या मनात तुम्हाला चांगल्या करकरीत शिव्या देत होते.

पण आज शिव्या द्यायला बसले नाही. एक आकडा मी खोटा लिहिला होता, सर. आकडाही नाही, एक शब्द. तो तुम्हाला सांगायचा राहून गेला.

तुमचा पहिला तास मला आठवतो. तुम्ही विचारलं होतं, "आपलं शास्त्र पुढं कसं जाते?" कोणी म्हटलं प्रयोगानं, कोणी म्हटलं हुशार माणसांमुळं. तुम्ही खडू टेबलावर आपटला. "ज्याचा रोगी बरा नाही झाला, त्यानं ते कबूल केलं तं जाते. नाहीतं घाण्याच्या बैलावानी जागच्या जागी फिरते." मग सांगितलंत की आधी लोक म्हणायचे, भीतीचं मूळ लहानपणात आहे, वर्षानुवर्षं खणत बसा. मग कोणी म्हटलं, मूळ राहू द्या, माणूस करतो काय ते बघा, त्याचे पाय कुठं अडतात ते बघा. त्याच्यानंतर आणखी कोणी म्हटलं, पाय ठीक आहेत, पण डोक्यात काय चाललंय तेही विचारा. "अन् दर वेळी त्यायले वाटलं का आपणच शेवटचे. मी शेवटचा नाही. तूही नाही." हे 'तूही नाही' तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात. पहिल्या बाकावर बसून मी जरा जास्तच मान हलवत होते.

पुस्तकात होतं की रोग्याला विचारा, शंभरपैकी किती भीती वाटते. आपल्या बायांना 'शंभरपैकी चाळीस' ही भानगडच कळेना. तुम्ही सरळ धानाचं माप आणलंत. वीस कुडोंची एक खंडी, हे इथं पोराटोरालाही ठाऊक. "समजा, अंगात खंडीभर भीती भरली हाये. आता किती कुडो उरली?" बाई क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची, "चवदा. नाही जी, पंधरा." एवढं नेमकं मोजमाप मी नंतर कुठं पाहिलं नाही. तेव्हा मात्र मला त्याची लाज वाटायची. नागपूरकडचं कोणी आलं की मी तो विषय टाळायचे.

आपलं मोठं भांडणही त्या कुडोंवरूनच. तुमची रीत अशी की भीतीच्या पायऱ्या करायच्या, एका पायरीवर थांबायचं, भीती पाच कुडोंवर उतरली की मगच पुढची पायरी. घाई करायची नाही. मी नव्या रीतीचं एक ऑनलाइन प्रशिक्षण केलं आणि तुमच्यावर तुटूनच पडले. सर, भीती उतरायची वाट पाहायचीच कायला? भरल्या खंडीनं पाय टाकू द्या. फक्त आधी विचारायचं, काय होईल असं वाटतं? आणि नंतर विचारायचं, झालं का तसं? भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव येऊन बसतो. तो पक्का बसावा म्हणून वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी आणि एकट्यानं करून पाहायचं.

"बाप्पा!" तुम्ही म्हणालात. "म्हणजे तीस वर्षं मी का म्हशी राखल्या?"

दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी दिलेल्या पोह्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला. "बरं वो, नव्या शास्त्राच्या मॅडम. एक रोगी तुमच्या रीतीनं करून दाखवा. मी मधात तोंड नाही घालनार."

तो रोगी म्हणजे कौसल्याबाई. आदल्या वर्षी रोवण्याच्या वेळी, धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, लावताना, चिखलात त्यांच्या पोटरीला पाणसापानं विळखा घातला होता. विषारी नव्हता, चावलाही नव्हता. पण त्या दिवसापासून बाईंनी बांधीत पाय टाकला नाही. घरची दोन एकर धानाची बांधी, आणि ही बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून नुसती बघायची. सासू म्हणायची, ढोंग करते. 'साप' हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघत नव्हता, 'जनावर' म्हणायच्या.

"बांधीत उतरलं तर काय होईल असं वाटतं?" मी विचारलं.

"जनावर गुंडाळन, अन् मी तिथंच पडन. कोनी उचलासाठी नसन."

पाऊस पडून चिखलणी झाली तशी मी तीन आठवडे रोज स्कुटीवर जायचे. त्या अठरा कुडो भीती घेऊन बांधीत उतरल्या. थरथरत उभ्या राहिल्या. वर आल्यावर मी विचारायचे, "झालं का तसं?" आणि त्या म्हणायच्या, "नाही झालं जी." चौथ्या आठवड्यात त्या गावच्या बायांसोबत रोवण्याला गेल्या. मी खोलीत येऊन जी काही मिरवली आहे, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही फक्त म्हणालात, "वर्षभरानं सांगजो. वर्षभरानं राहते ते खरं."

वर्ष झालं. तुम्ही म्हणालात, घरी जाऊन पाहून ये, कागदावरचा रोगी लवकर बरा होते. पाऊस होता, रस्ता खराब होता, मला कंटाळा आला होता. मी फोन केला. "रोवण्याला जाता का?"

"जाते नं जी," त्या म्हणाल्या.

मी रजिस्टरात लिहिलं: 'सुधारणा टिकून आहे. एकटीनं बांधीत जाते.' सर, 'एकटीनं' हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या रीतीत ते लागत होतं म्हणून मी ते लिहून टाकलं. पेन एकदाही अडला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या दिवाळीनंतर नागपूरला तुमच्या जुन्या सहकाऱ्यांची, विद्यार्थ्यांची बैठक होती. तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं, नेहमीसारखी माझी टांग खेचणार. तुम्ही रजिस्टर उघडून ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणालात, "तीस वर्षं मी भीती उतराची वाट पाहत बसलो. माझी विद्यार्थिनी बसली नाही. तिचं बरोबर होतं, माझं कमी पडलं." माणसं टाळ्या वाजवत होती. तुमच्या वयाचा माणूस, सगळ्यांसमोर स्वतःची आयुष्यभराची रीत खाली ठेवत होता, आणि ती माझ्या एका शब्दाच्या भरवशावर. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात. मी जागी होते आणि खूश होते. खरं सांगते, त्या रात्री मी फार खूश होते.

मग हिवाळ्यात बाजारात मला कौसल्याबाईंची जाऊ भेटली, मंदाबाई. वांगी निवडत होती. मी ऐटीत विचारलं, काय म्हणते तुमची जाऊ?

"अवं मॅडम, मी नसली तं पाय नाही टाकत ते बांधीत. रोवण्यात आमी तिले मधात घेतो नं."

मी इथलीच, करडी गावच्या धानकऱ्याची पोरगी. मला हे कळायला हवं होतं. रोवण्याला बायांची ओळ लागते तेव्हा जी पोटुशी आहे, जिचं ताजं दुःख आहे, जी कशाला तरी भ्यायलेली आहे, तिला मधात घेतात. दोन्ही बाजूंना धीराच्या बाया. कोणी विचारत नाही, कोणी बोलून दाखवत नाही, बाई आली की ओळ आपोआप सरकते. माझ्या आईलाही एका वर्षी अशीच मधात घेतली होती. कौसल्याबाई दोन वर्षं त्या मधात होत्या. आणि उपचाराच्या त्या तीन आठवड्यांतही मंदाबाई रोज त्यांचा हात धरून बाजूला उभी होती. मीच म्हटलं होतं, राहू दे, बिचारीला आधार होतो. एकट्यानं करायला लावा, हे तुमच्याशी भांडून भांडून सांगणारी मी, आणि तेच नेमकं विसरले.

बाजारापासून आपली खोली शंभर पावलांवर. तुम्ही आत होतात, दार उघडं दिसत होतं. मी अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी गेले.

तुम्ही मला तीनदा विचारलंत. पहिल्यांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी, खोलीला कुलूप लावताना. "कौसल्याबाईचं कसं काय हाये?" मी म्हटलं, बरं आहे, सर. त्याच आठवड्यात तुम्ही खोलीची एक चावी आणि रजिस्टर माझ्या हातात ठेवलंत. "तोंडात जखम झाली हाये, भरून नाही राहिली. दाखवाले जातो. आता खोली तू पाहा." मला वाटलं, यांना माहीत नाही म्हणून विश्वास टाकत आहेत. दुसऱ्यांदा विचारलंत ते रिपोर्ट आल्यावर, तुमच्या घरी, खाटेवर. "कधी तिकडं एक चक्कर मारून येजो." मी म्हटलं, जाईन. तिसऱ्यांदा ऑपरेशननंतर. बोलता येत नव्हतं, नातवाची पाटी होती तुमच्या मांडीवर. तुम्ही लिहिलंत, 'काही सांगायचं राहिलं?' मी म्हटलं, "नाही सर, तुम्ही आराम करा." तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि तळहातानं पाटी पुसली.

पुण्यानुमोदनाला त्या दोघी जावा आल्या होत्या. जेवणं झाल्यावर कौसल्याबाई फाटकाजवळ मला गाठून म्हणाल्या, "सर आमच्याइकडं आलते, तुमाले मालूम हाये का?"

"कधी?"

"उन्हाळी धानाचे रोवणे चालले होते तेव्हा. एकटेच आले एसटीनं. मी धुऱ्यावर बसली होती, जाऊची वाट पाहत. ते बी बसले घंटाभर. काई पुसलं नाही, पाहूनच समजून गेले."

उन्हाळी धानाचे रोवणे माघातच होतात, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत त्याच्या आधी. मी विचारलं, काही म्हणाले का?

"म्हने, तुमची काई चूक नाही बाई, आमचंच राहून गेलं. अन् म्हने, मी आलतो हे मॅडमले सांगू नोका. येईल ते स्वतःच." मग म्हणाल्या, "मी लय वाट पाहिली तुमची."

मी तिथंच पायरीवर बसले. काकूंना वाटलं, मला भोवळ आली. पाणी दिलं. मला रडूही येत नव्हतं.

तुम्हाला माहीत होतं. तिन्ही वेळा माहीत होतं. चावी दिलीत तेव्हाही माहीत होतं. आता मागं वळून बघते तर दिसतं की पहिल्या प्रश्नाला मला सगळं सांगावं लागलं असतं, दुसऱ्याला नुसतं तिकडं जावं लागलं असतं, तिसऱ्याला फक्त मान हलवली तरी पुरलं असतं. पायरी खाली खाली आणत होतात. तुमच्या जुन्या रीतीनं, माझी भीती उतरायची वाट पाहत. आणि मी सगळ्यात खालच्या पायरीवरही पाय ठेवला नाही.

पण एवढ्यावर मी गप्प बसणार नाही, सर. कायला वाट पाहिली? वर्गात एवढ्याशा चुकीला खडू फेकून मारायचात. तेव्हा जीभ होती तुमची, त्या जिभेनं मला झोडपून काढायचं होतं. "काहून वो, खोटं काहून लिहिलं?" एवढंच विचारायचं होतं. मी तिथल्या तिथं सांगितलं असतं, भरल्या खंडीनं. हीच खोट आहे तुमच्या रीतीत, मी पहिल्यापासून म्हणत होते. तुम्ही धरून चालता की माणसाजवळ वेळ आहे. रोग्याजवळ वेळ आहे, मास्तरजवळ वेळ आहे. नव्हता ना? बघा, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि माझ्या बाजूनं बोलणारी मीच खोटी पडले आहे.

परवा मी रजिस्टर उघडलं. ती ओळ खोडून टाकली नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. 'एकटीनं' या शब्दावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'बांधीत एकटी जात नाही. उपचाराच्या वेळी जाऊ सोबत होती. एकटीनं जाऊन पाहिलेलं नाही. आधीची नोंद न विचारता केली होती.' खाली सही केली. नागपूरच्या बैठकीत जे होते त्यांच्यापैकी चौघांचे नंबर मिळाले, त्यांनाही फोन करून सांगितलं. एक म्हणाले, जाऊ द्या हो, आता सर राहिले नाहीत, कोण विचारतंय. मी फोन ठेवला.

मग काल कौसल्याबाईंकडं गेले. सगळीकडं रोवणे चालू आहेत, बांध्यांत बायांच्या ओळी लागलेल्या. मंदाबाई कोणाच्या तरी मजुरीला गेली होती, म्हणून या धुऱ्यावर बसलेल्या. बाजूला पऱ्ह्यांच्या पेंढ्या तशाच पडलेल्या. तुम्ही बसला होतात तिथंच बसले असेन मी, कोण जाणे. त्यांना सगळं सांगितलं. फोन, तो शब्द, नागपूर, वांगी, पाटी. त्या गवताची काडी मोडत ऐकत राहिल्या. काल त्या बांधीत उतरल्या नाहीत. मीही म्हटलं नाही.

मग काडी टाकून देऊन म्हणाल्या, "तुमाले किती कुडो होती?"

"काय?"

"भीती. सरले सांगाची."

"खंडीभर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "अन् सांगितलं तं काय होईल, असं वाटत होतं?"

हे प्रश्न मीच त्यांना शिकवलेले. मी म्हटलं, "सरांच्या मनातून उतरेन. मग ते मला खोलीत पाय ठेवू देणार नाहीत."

माझ्या स्कुटीच्या किल्लीच्या जुडग्यातच खोलीची चावी आहे. ती हातात होती. त्यांनी एकदा चावीकडं पाहिलं.

"मंग," कौसल्याबाई म्हणाल्या, "झालं का तसं?"

तेव्हा रडले मी, सर. त्या चिखलातल्या धुऱ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या तरी रडले. त्यांनी माझा हात धरला नाही, नुसत्या बाजूला बसून राहिल्या, मी बोलेपर्यंत.

"नाही," मी म्हटलं. "नाही झालं जी."